ताटामागचे शिक्षण

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'आहार आणि आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितले होते. मी विनंती केली की विषय थोडा बदलून द्या. काय खावे आणि काय खाऊ नये हे सांगणारे आज पुष्कळ आहेत. मोबाइल उघडला की सकाळी कोणी कारल्याचा रस घ्यायला सांगतो, संध्याकाळी दुसरा तो बंद करायला सांगतो. पण हे सांगण्याचा अधिकार कोणत्या शिक्षणातून येतो आणि ते शिक्षण आपल्या घरच्या मुलामुलींनी घ्यावे का, यावर फारसे कोणी बोलत नाही. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दोन-तीन घरांतून मला विचारणा होते. "ताई, पोरीला बायोलॉजीत बरे मार्क आहेत, पण मेडिकलला नंबर लागेल असे वाटत नाही. तुमच्या लाइनमध्ये काही आहे का?" आणि लगेच पुढचे वाक्य येते, "पण स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?" आज या दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचे ठरवून आले आहे.

आधी हे काम काय असते ते सांगते. रुग्णालयात डॉक्टर केसपेपरवर एक ओळ लिहितात : मधुमेहाचा आहार, पंधराशे कॅलरी, मीठ कमी. त्या ओळीपासून पेशंटसमोरच्या ताटापर्यंत बरेच अंतर असते. आहारतज्ज्ञ हिशोब करून आहार ठरवते. पण ठरलेला आहार प्रत्यक्ष त्या पेशंटच्या पोटात जातो की नाही, हे पाहणारे आणखी एक माणूस लागते. ते सकाळी वॉर्डात फिरून नव्या पेशंटची उंची-वजने घेते, काल दिवसभरात काय काय खाल्ले ते विचारून लिहून घेते, डाएट किचनमध्ये कोणत्या खाटेला कोणते ताट जायचे त्याच्या चिठ्ठ्या लावते, राइल्स ट्यूबवरच्या पेशंटचे पातळ अन्न मोजून तयार करवते, आणि दुपारी परत आलेली ताटे पाहते. अमेरिकेत या माणसाला डायटेटिक टेक्निशियन म्हणतात, त्याची परीक्षा असते, नोंदणी असते. मराठीत आहारतंत्रज्ञ म्हणू या. आपल्याकडे हेच काम डाएट टेक्निशियन, डाएट असिस्टंट किंवा नुसते किचन सुपरवायझर अशा वेगवेगळ्या नावांनी चालते. नाव ठरलेले नाही, म्हणून कामही लोकांच्या नजरेत भरत नाही.

परत आलेल्या ताटांवरून एक प्रसंग आठवतो. शहरातल्या एका रुग्णालयात आमच्याकडे एक मुलगी शिकाऊ म्हणून आली होती. रिसालीचे एक सेवानिवृत्त आजोबा भरती होते. उभी हयात फर्नेससमोर गेलेली. तीन दिवस त्यांच्या ताटातली पोळी जशीच्या तशी परत येत होती. कागदावर शेरा होता, 'जेवण्यास नकार'. घरच्यांना वाटले, आजोबांनी आशा सोडली. चौथ्या दिवशी ती मुलगी ताट घेऊन स्वतः गेली, शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, पोळी आवडत नाही का?" आजोबांनी तोंड उघडून दाखवले. भरतीच्या घाईत त्यांची कवळी घरीच राहिली होती, आणि चारचौघांत ते सांगायची त्यांना लाज वाटत होती. त्या दुपारी मऊ खिचडी, घोटलेली पालकाची भाजी आणि दही गेले. ताट रिकामे परत आले. संध्याकाळी मुलगा कवळी घेऊन आला. यात औषध बदलले नाही, तपासणी झाली नाही. पण तीन दिवस उपाशी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगातली ताकद किती झपाट्याने उतरते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या प्रश्नाची किंमत कळेल. ताट वाचायला शिकणे हा आमच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

आता शिक्षणाकडे वळते. मी यवतमाळकडची. लग्न होऊन भिलाईला आले. यजमान प्लांटमध्ये, ड्यूटी तीन पाळ्यांची. दोन मुले झाल्यावर मी आधी दूरस्थ पद्धतीने पोषणशास्त्राचे प्रमाणपत्र घेतले आणि मग नागपूरला बहिणीकडे राहून आहारशास्त्राची पदविका केली. सासूबाईंनी वर्षभर घर सांभाळले, म्हणून ते झाले. पहिल्या दिवशी वाटले होते की पाककृती शिकवतील. प्रत्यक्षात रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि वजनकाटा हातात आला.

काट्यावरच आमचे निम्मे गर्व उतरले. बाईंनी सांगितले, प्रत्येकीने घरून आपली वाटी आणा. वर्गात वीस वाट्या जमल्या. पाणी भरून मोजले, तर कुठली शंभर मिलीलीटरची, कुठली अडीचशेची. पेशंट म्हणतो 'एक वाटी भात', म्हणजे नेमका किती? शंभर ग्रॅम तांदळाचा भात अडीचशे-तीनशे ग्रॅम भरतो, तेव्हा वजन कच्चे धरले की शिजलेले, यावर मधुमेह्याचा सगळा हिशोब फिरतो. पिष्टाच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, प्रथिनांच्या एका ग्रॅममधून ४ आणि स्निग्धाच्या एका ग्रॅममधून ९. हे आकडे पाठ करणे सोपे असते, पण एखाद्या घरची भाजीची फोडणी बघून तेल किती पडले हे ओळखायला सहा महिने लागतात. आणि सणासुदीत हमखास येणारा प्रश्न : "साखर बंद केली आहे, पण गुळाचा मोदक चालेल ना?" शंभर ग्रॅम साखरेतून सुमारे ३९८ कॅलरी मिळतात, गुळातून सुमारे ३८३. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. बाप्पाच्या प्रसादाचा एक मोदक कोणी हिरावून घेणार नाही, पण त्या दिवशीचा भात तेवढा कमी करा, हे शास्त्राचे उत्तर आहे.

हे आकडे कुठून येतात? १९१८ मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या अभ्यासासाठी एक छोटे केंद्र सुरू केले. पुढे तिथले संचालक वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पोषण संस्था झाले. डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९७१ चे कोष्टकांचे पुस्तक आमच्या पिढीने फाटेपर्यंत वापरले. २०१७ मध्ये नवी कोष्टके आली, त्यांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. नव्या पुस्तकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे, म्हणून आजच्या विद्यार्थ्यांना ४.१८४ ने भागायला शिकावे लागते. जुन्या आहारतज्ज्ञ त्यामुळे अजून कुरकुरतात.

या संस्थेशी एका मराठी बाईंचे नाव जोडलेले आहे, आणि ते आपल्या मुलींना माहीत असायला हवे. त्या कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, विदुषी दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी. जन्म इंदूरचा, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रह केला आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. परत आल्यावर काही काळ त्यांनी कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर संशोधन केले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत असताना राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला आणि गरिबांच्या, विशेषतः आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात तिचा उपयोग दाखवून दिला. त्याच राजेंद्रबाबूंच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आपल्या भिलाईच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले होते. पोलादासोबत माणसाच्या अंगातले लोहही देशाला तेव्हा तितकेच हवे होते. 'स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला' असे कोणी म्हणाले, की मला कमलाबाईंची आठवण येते. ज्या विषयाच्या प्रयोगशाळेच्या दारात त्यांना बसावे लागले, त्याचा दरवाजा आज आपल्या मुलींना उघडा आहे, आणि आपणच त्याला कमी लेखतो.

भिलाईत हे शिक्षण घेणाऱ्याला एक जादा पेपर आपोआप द्यावा लागतो. १९५५ च्या करारानंतर कारखाना उभा राहायला लागला तेव्हा देशभरातून माणसे आली. एकाच वॉर्डात मल्याळी, बंगाली, तेलुगू, उडिया, पंजाबी, मराठी आणि छत्तीसगढी पेशंट शेजारी-शेजारी असतात. आहाराची नोंद घेणाऱ्याला फरा, चीला, पुट्टू आणि थालीपीठ, सगळ्यांची घटकद्रव्ये माहीत हवीत. इथल्या बोरे-बासीचेच घ्या. रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी कांदा-मिठाबरोबर खाणे, हा उन्हात राबणाऱ्याचा पिढ्यानपिढ्यांचा नाश्ता. १ मे २०२२ रोजी कामगार दिनाला राज्य सरकारने तो मानाने खायचे आवाहन केले, तेव्हा शहरातल्यांनाही त्याची ओळख झाली. रक्तदाबाच्या पेशंटला 'बासी बंद' असे सांगणारा नवशिका असतो. शिकलेला माणूस म्हणतो, "बासी खा, वरचे मीठ अर्धे करा, सोबत मुनग्याची नाहीतर लाल भाजी घ्या." तेच तिखट-मिठाच्या लोणच्यावर जेवणाऱ्या आपल्या वऱ्हाडी मंडळींनाही लागू आहे.

या शास्त्रात एकच गोष्ट एकाला तारते आणि दुसऱ्याला मारते, म्हणून ते ऐकीव माहितीवर चालत नाही. काही उदाहरणे देते.

पेशंटला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो. उलट्या-जुलाबांनी थकलेल्याला ते चांगले. पण किडनीच्या पेशंटच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, आणि नारळपाण्यात ते भरपूर असते. रक्तात ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. बाजारातल्या 'कमी सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, तेही अशा पेशंटला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. त्याच्यासाठी भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकतात. तुम्ही-आम्ही असे केले तर जीवनसत्त्वे मोरीत जातील.

दुसरे, लाखोळी. विदर्भात लाखोळी, छत्तीसगडात तिवरा. दुष्काळात तगून राहणारे पीक, म्हणून गरिबाचा आधार. पण ही डाळ महिनोन्महिने जेवणाचा मुख्य भाग झाली तर तिच्यातल्या विषारी द्रव्यामुळे पाय लुळे पडतात. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली, काही राज्यांनी ती लागूच केली नाही. डाळ गरम पाण्यात भिजवून पाणी फेकले की विषाचा अंश बराच उतरतो. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने कमी विषाचे 'महातिवरा' वाण काढले आहे. गावात जाऊन 'ही डाळ खाऊ नका' म्हणणे सोपे असते. पण त्याऐवजी त्या घराने काय खावे आणि ते परवडते का, हे सांगता यायला शिकावे लागते.

तिसरे, सिकलसेल. विदर्भ आणि छत्तीसगड, दोन्हीकडे या आजाराची घरे आहेत. चेहरा पांढरा दिसला की आपण लोहाच्या गोळ्या सुरू करतो. साध्या पंडुरोगात ते योग्य, जेवणात लिंबू पिळावे आणि चहा जेवणाबरोबर घेऊ नये, हेही योग्य. पण सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळे, त्यामुळे तपासल्याशिवाय लोह देऊ नये. त्या मुलाला दिवसभर पुरेसे पाणी पाजणे मात्र फार महत्त्वाचे, कारण शरीर सुकले की वेदनेचा झटका येऊ शकतो. शाळेत पाण्याची बाटली भरून नेली की नाही, हे विचारणे हासुद्धा आहारतंत्रज्ञाच्या कामाचा भाग आहे.

आता ज्यांच्या घरी बारावीतले मूल आहे त्यांनी नीट ऐका. सरळ वाट अशी : बारावी विज्ञान, त्यानंतर गृहविज्ञान, अन्न व पोषण किंवा क्लिनिकल न्यूट्रिशन यांतली पदवी, मग आहारशास्त्राची पदविका किंवा एम. एस्सी., आणि रुग्णालयातली उमेदवारी. १९६३ मध्ये स्थापन झालेली इंडियन डायटेटिक असोसिएशन नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा घेते, मोठ्या रुग्णालयांत तिला मान आहे. ज्यांना लवकर कामाला लागायचे आहे त्यांच्यासाठी आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने डाएट असिस्टंटचा अभ्यासक्रम आखलेला आहे. दुर्गच्या डॉ. वा. वा. पाटणकर शासकीय कन्या महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवले जाते, नागपूर गाडीने चार-पाच तासांवर आहे, आणि मुंबई-पुण्यात महर्षी कर्व्यांच्या एस. एन. डी. टी. विद्यापीठाची या विषयातली परंपरा जुनी आहे. ज्यांची भावंडे अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एवढेच, की १ जानेवारी २०२४ पासून तिथे आहारतज्ज्ञाच्या परीक्षेला एम. एस्सी.च्या तोडीची पदवी लागते. नुसत्या पदवीवर टेक्निशियनची पायरी मात्र गाठता येते.

दोन गोष्टी प्रवेशाआधी तपासा. पहिली, २०२१ मध्ये संसदेने सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ त्यात येतात. राज्यांत नोंदणीची व्यवस्था उभी करण्याचे काम त्यानंतर सुरू झाले. म्हणून महाविद्यालयाला लेखी विचारा : तुमचा अभ्यासक्रम या आयोगाच्या नियमांत बसतो का, आणि रुग्णालयातला सराव किती महिन्यांचा आहे? चार आठवड्यांत 'डायटिशियन' करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना फी भरू नका.

दुसरी गोष्ट मला स्वतःला लागलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखालचे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणे बंद करायला सांगितले. त्यात अन्न व पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि आहारशास्त्र आहे. यामागचे कारण मला पटते. आजोबांची कवळी घरी राहिली हे घरी बसून पुस्तकातून कळत नाही, त्यासाठी वॉर्डात उभे राहावे लागते. पण मी याच दाराने आत आले. लग्नानंतर नवऱ्याच्या पाळ्या, मुलांची शाळा सांभाळत शिकलेल्या माझ्यासारख्या अनेक जणी आहेत. आता सेक्टरमधल्या एखाद्या सुनेला शिकायचे असेल तर रोज कॉलेज गाठणे भाग आहे. म्हणजे घरातल्या कोणीतरी तिच्या वाटचे काम उचलायला हवे. माझ्या सासूबाईंनी उचलले. हा नियम पाळण्याचे ओझे सगळे तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका, एवढे मी इथे बसलेल्या सासू-सासऱ्यांना आणि यजमान मंडळींना हात जोडून सांगते.

पगाराबद्दलही खरे सांगते. सुरुवातीला फार नसतो, खासगी रुग्णालयांत पुष्कळदा कंत्राटावर ठेवतात. पण काम फक्त रुग्णालयातच आहे असे नाही. २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन ठेवायला लावण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाना कायद्याने सरकारला दिला. वसतिगृहे आहेत, शाळांचे भोजन आहे, अंगणवाड्या आहेत. आणि हे फक्त मुलींचे काम आहे हेही डोक्यातून काढा. भट्टीच्या उष्णतेत काम करणाऱ्या माणसाने पाणी आणि मीठ किती, कधी घ्यावे, हे ज्याचे वडील शॉपमध्ये होते त्या मुलाइतके कोणाला समजणार?

या शिक्षणाची सुरुवात आपल्या मंडळातच होऊ शकते. परवा महाप्रसाद आहे. पाचशे माणसांना माणशी शंभर ग्रॅम धरला तर पन्नास किलो तांदूळ लागतो. पातेल्यातला भात वाढेपर्यंत साठ अंशांच्या वर गरम राहायला हवा, सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवलेला भात पोट बिघडवतो. हा हिशोब आपले भांडारघर सांभाळणारे काका दरवर्षी तोंडी करतात. यंदा त्यांच्याजवळ दहावी-बारावीची चार मुले-मुली वही-पेन आणि वजनकाटा देऊन बसवा. किती शिजले, किती वाढले, किती उरले ते लिहून घेऊ द्या. पत्रावळीत काय टाकले जाते तेही पाहू द्या. त्यातल्या एखाद्याला जरी वाटले की हे मला आणखी शिकायचे आहे, तर त्याने खुशाल माझ्या घरी यावे. वह्या आणि जुनी कोष्टके मी जपून ठेवली आहेत.

 

गणपती बाप्पा मोरया!